नव्या ताऱ्यांची नावे

भाद्रपदात सज्जनगडापलीकडच्या पठारावर पंदाला फुले येतात. पंद ही कोथिंबिरीच्या घरातलीच वनस्पती. धण्याच्या झाडाला येतात तसेच पांढऱ्या बारीक फुलांचे छत्रीसारखे गुच्छ, फक्त आकाराने बरेच मोठे. पठारावर येणारी माणसे तेरड्याचा गुलाबी रंग आणि सीतेची आसवे पाहायला येतात. पंदापाशी फारसे कुणी थांबत नाही. मीही थांबलो नसतो. पण काही वर्षांपूर्वी एका सकाळी गुडघ्याने दगा दिला आणि मी पंदाच्या एका रोपाशेजारच्या दगडावर बसलो. खिशात भिंग होते. तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवल्यावर माणसाला निवृत्तिवेतन मिळते आणि खिशात भिंग ठेवायची सवय तेवढी सुटत नाही.

भिंगातून त्या पांढऱ्या छत्रीवर पाहिले, तर तिथे गर्दी होती. माश्या, मुंग्या, बारके भुंगेरे तर होतेच. पण त्यांच्या पायांतून वाट काढत एक ठिपका चालला होता. तांब्याच्या भांड्याला चिंच लावून नुकतेच घासावे, तशी त्याला झळाळी होती. लांबी एखाद्या मिलिमीटरची. चार पंख, कोपरात दुमडलेल्या मिशा, चिंचोळी कंबर. म्हणजे गांधीलमाशीचेच घराणे, पण मोहरीच्या दाण्याहून लहान. शेजारच्या गुच्छावर आणखी एक होता, त्याहून हिरवा. तासाभरात मी असे सहा प्रकार मोजले आणि एकाचेही नाव मला सांगता येईना.

दोन-तीन किडे मद्यार्काच्या कुपीत घालून मी या विषयातल्या एका जाणकारांकडे पाठवले. त्यांचे उत्तर नम्र होते आणि माझ्या पदरात फारसे काही टाकणारे नव्हते. हे कॅल्सिड आहेत, कूळ अमुक आहे, जात सांगायची तर काचपट्टी बनवावी लागेल, आणि ती बनवली तरी खात्री नाही, असा त्याचा मथितार्थ. शेवटी त्यांनी एक ओळ सहज लिहिली होती. या किड्यांच्या वाटेला जाणार असाल तर कुठे ना कुठे जिरोशी गाठ पडेल, तयारी ठेवा.

हा जिरो कोण, याचा शोध घेण्यात पुढची दोन वर्षे गेली. आज त्याच्याविषयीच लिहायचे आहे.

पण त्याआधी त्याच्या किड्यांची ओळख करून द्यायला हवी. गांधीलमाशी म्हटले की आपल्याला आठवते ती नांगी आणि सुजलेला गाल. प्रत्यक्षात या घराण्यातल्या बहुतेक जाती माणसाला डसत नाहीत, पोळे बांधत नाहीत आणि माणसाच्या नजरेलाही पडत नाहीत. दुसऱ्या किड्याच्या अंड्यात, अळीत किंवा कोशात आपले अंडे घालायचे, पिल्लाने आतून त्या यजमानाला खाऊन मोठे व्हायचे आणि एक गोल भोक पाडून बाहेर पडायचे, असा यांचा संसार. ग्रीक भाषेत तांब्याला जो शब्द आहे त्यावरून यांच्या एका मोठ्या गटाला कॅल्सिड म्हणतात; अंगावरच्या धातूसारख्या चमकेमुळे. आजवर या गटातल्या बावीस हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत, आणि नाव न मिळालेल्या जाती धरल्या तर आकडा पाच लाखांवर जाईल, असाही एक अंदाज आहे. जगातला सर्वांत लहान ज्ञात कीटक याच गटातला. त्याचा नर जेमतेम ०.१४ मिलिमीटरचा असतो. त्याला पंख नाहीत, डोळे नाहीत.

प्रौढ झाल्यावर यातल्या पुष्कळांना मध लागतो. तोंड आखूड, त्यामुळे खोल फुलांतला मध यांना पोहोचत नाही. पंद, धणे, बडीशेप यांची उथळ, उघडी फुले हेच त्यांचे उपाहारगृह. म्हणून ज्याला हे किडे हवे असतात तो रानफुलांवरून आणि गवतावरून बारीक जाळीची पिशवी फिरवतो.

किडा मिळवणे हा सोपा भाग. ओळखताना खरी कसोटी लागते. फुलपाखरू रंगावरून ओळखता येते. इथे रंग फसवतो, आणि मद्यार्कात तो बदलतोही. पंखाच्या पुढच्या कडेने जाणारी जवळपास एकच शीर असते, तिच्या तुकड्यांची लांबी मोजायची. पावलाचे सांधे मोजायचे. तीन निघाले तर एक कूळ, चार निघाले तर दुसरे, पाच निघाले तर आणखी बरीच. मिशीचे किती खंड, शेवटच्या गाठीत किती, पंखावरचे केस रांगेत की विखुरलेले, पंखाच्या कडेची झालर किती लांब. हे सगळे अर्ध्या मिलिमीटरच्या देहावर पाहायचे, आणि त्यासाठी तो देह कॅनडा बाल्समच्या थेंबात काचेवर बसवायचा. हात थरथरला की मिशी तुटते, आणि मिशी तुटली की ओळखीचा अर्धा पुरावा जातो.

अशा कामात ज्याने आयुष्य घातले त्या अलेक्सांद्र आर्सेन जिरोचा जन्म ९ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात अ‍ॅनापोलिस इथे झाला. नाव फ्रेंच, कारण घराणे मूळचे फ्रेंच. आजोबा तिथल्या नौदलाच्या अकादमीत फ्रेंच शिकवीत. नातवाने व्हर्जिनियातल्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९०३ साली पदवी घेतली आणि अमेरिकेच्या कृषी खात्यात कीटकशास्त्रज्ञ म्हणून कामाला लागला. फळबागांच्या किडी, मग इलिनॉयमध्ये आणखी काही किडी. सरळ रेषेत चाललेले सरकारी आयुष्य. पण किडीच्या अंड्यांतून कधी कधी किडीऐवजी भलताच बारका जीव बाहेर पडे, आणि या तरुणाचे लक्ष किडीवरून उडून त्या जिवावर जाई. पगार किडीसाठी होता. पुढच्या सगळ्या भांडणांचे बीज तिथेच होते.

१९११ साली तो ऑस्ट्रेलियात गेला. क्वीन्सलंड प्रांताच्या उत्तरेला, केर्न्सजवळ नेल्सन नावाच्या गावी ऊस संशोधनाचे केंद्र होते. तिथे उसाच्या मुळ्या एक पांढरी अळी कुरतडत होती. साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. आपल्याकडे तिला हुमणी म्हणतात. तिथली जात वेगळी, उपद्रव तोच. जिरोने हुमणीवर काम केलेही. परंतु केंद्राच्या आजूबाजूला उष्ण कटिबंधातले रान होते, आणि त्या रानातल्या कॅल्सिडांकडे तोवर कुणी नीट पाहिलेच नव्हते. जाळी एकदा फिरवली की त्यात निघणारा जवळजवळ प्रत्येक किडा शास्त्राला नवा. गवतातून, फुलांवरून, खिडकीच्या काचेवरून, जिथून मिळेल तिथून तो गोळा करू लागला. १९१२ ते १९१६ या काळात क्वीन्सलंड म्युझियमच्या नियतकालिकात त्याची ऑस्ट्रेलियातल्या कॅल्सिडांवरची लेखमाला छापून आली. एकेका भागात नव्या जातींची रांग लागलेली असे.

त्या केंद्रात १९१२ साली अ‍ॅलन डॉड नावाचा एक पोरगेलासा मदतनीस त्याच्या हाताखाली आला. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे या दोघांच्या वाटा अगदी उलट दिशांना गेल्या. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने लक्षावधी एकर जमीन गिळली होती. अर्जेंटिनातून १९२५ साली एका पतंगाची अंडी आणली गेली. त्या पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांत ते निवडुंगाचे रान आडवे केले. त्या मोहिमेचा सूत्रधार होता हाच डॉड. शेतकऱ्यांनी त्या पतंगाच्या नावाने एक सभागृहच बांधले. उपयोगी कीटकशास्त्राला इतका मान क्वचितच मिळाला असेल. आणि त्याच वर्षांत डॉडचा पहिला वरिष्ठ नोकरी शोधत हिंडत होता.

ते कसे झाले, हे सांगायला मागे जावे लागेल. १९१४ मध्ये जिरो अमेरिकेत परतला आणि वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत राहिला. तिथे त्याचे जमले नाही. शेतीच्या उपयोगासाठीच कीटकशास्त्र, हा विचार त्याला शास्त्राचा अपमान वाटे. ज्ञान हे ज्ञानासाठी, बाजारासाठी नव्हे, हे त्याचे म्हणणे होते, आणि ते तो मवाळ शब्दांत मांडणारा नव्हता. १९१७ मध्ये तो पुन्हा क्वीन्सलंडला आला, या वेळी ब्रिस्बेनला, तिथल्या कृषी खात्यात.

याच सुमाराला त्याने एक विलक्षण गोष्ट सुरू केली. नियतकालिकांचे संपादक त्याच्या लेखांना कात्री लावत, त्यातली टीका-टिप्पणी गाळायला सांगत. तेव्हा त्याने स्वतःच्या खर्चाने पत्रके छापायला सुरुवात केली. चार पानांची, आठ पानांची, क्वचित त्याहून मोठी. त्यात नव्या जातींची वर्णने असत, आणि त्या वर्णनांच्या मध्येच कविता, सुभाषिते, अधिकाऱ्यांवर ताशेरे, जगाविषयीची खंत. १९१७ सालच्या अशा एका पत्रकाला त्याने लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थ होतो नव्या ताऱ्यांची वर्णने. आत तारे नव्हते. होते ते आमच्या पंदावरच्या ठिपक्यांचे भाऊबंद. दूरच्या ताऱ्याला नाव देणारा शास्त्रज्ञ आणि गवतातल्या ठिपक्याला नाव देणारा शास्त्रज्ञ यांच्या योग्यतेत फरक का मानायचा, असा प्रश्न त्या शीर्षकात आहे असे मला वाटते.

नावे देण्यातही त्याची तऱ्हा न्यारी. प्राण्याच्या शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात; पहिला आडनावासारखा, दुसरा खास त्याचा. एका कॅल्सिडाला त्याने आडनाव दिले गटेवरून आणि नाव दिले शेक्सपिअरवरून. गटेआना शेक्सपिअरी हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव फुलकिड्यांमध्ये वाढतो. दुसऱ्या एका किड्यात मोझार्ट आणि बीथोव्हन एकत्र नांदतात. एमर्सनच्या नावाचा वंश आहे. गरीब माणसाने आपल्या मुलांची नावे राजा, सम्राट अशी ठेवावी, तसे काहीसे हे आहे.

आणि नावातून सूडही उगवता येतो. इलिंगवर्थ नावाचा एक कीटकशास्त्रज्ञ त्याच्या रोषाला कारण झाला होता. त्याच्या नावावर खेळ करून जिरोने एक नवीच जात जाहीर केली. तिला शरीर नाही, सावली नाही, विशिष्ट बाजूने पाहिले तरच ती दिसते, तिचे उड्डाण फक्त मनाच्या पंखांनी गाठता येते, आणि ती सापडली गुरू ग्रहावर. हे सारे त्याने शास्त्रीय वर्णनाच्या नेहमीच्या कोरड्या पद्धतीने छापले. वाचून हसू येते. पण ज्याच्यावर हा वार होता त्याला, आणि त्याच्या जागी उद्या आपण असू असे वाटणाऱ्या इतरांना, हसू आले नसेल. विनोदाची किंमत जिरोला पुढे चुकवावी लागली असणार.

नोकरी लागली, सुटली, पुन्हा लागली. १९३०च्या सुमाराला जगभर मंदी आली आणि ब्रिस्बेनची नोकरी कायमची गेली. पदरात मुले होती. पुढे पत्नीही गेली. तो मिळेल ते काम करी आणि उरलेल्या वेळात कॅल्सिड पाही. खिशात पैसे नसतानाही पत्रके निघतच राहिली. मग मन ढासळू लागले. ब्रिस्बेनजवळच्या गुडना इथल्या मनोरुग्णालयात त्याचे अखेरचे दिवस गेले. २ मे १९४१ रोजी, ५७ व्या वर्षी, तो तिथेच वारला. तोवर त्याने तीन हजारांहून अधिक नव्या जातींची वर्णने लिहिली होती.

इथपर्यंतची कथा ऐकली की आपले मन लगेच बाजू घेते. उपेक्षित प्रतिभावंत, आंधळे सरकार, अकाली अंत. मलाही प्रथम तसेच वाटले, आणि त्याला माझे स्वतःचे एक कारण होते. एम.एस्सी. झाल्यावर मला अशाच किड्यांवर काम करायचे होते. ज्यांच्याकडे विषय मागायला गेलो त्यांनी एकच प्रश्न विचारला, याचा उपयोग काय? मला उत्तर देता आले नाही. मी मत्स्यबीजावर काम केले, नोकरी मिळाली, घर झाले. तक्रार करण्यासारखे काही नाही. पण जिरोची पत्रके वाचताना, ज्या प्रश्नापुढे मी मान खाली घातली त्याच प्रश्नावर हा माणूस आयुष्यभर तुटून पडत होता, हे पाहून माझा ऊर भरून आला.

मात्र त्या जाणकारांनी तयारी ठेवा असे का लिहिले होते, ते हळूहळू कळू लागले. जिरोच्या मागून येणाऱ्यांना जिरोने फार छळले आहे. त्याची वर्णने अनेकदा चार-पाच ओळींची. अमुक जातीसारखीच, पण मिशीचा तिसरा खंड जरा आखूड, अशा थाटाची. आता ती अमुक जात कुठली, तर तिचेही वर्णन चार ओळींचे. बहुतेक जाती एका-दोन नमुन्यांवरून वर्णिलेल्या. नवी जात ज्या नमुन्यावरून ठरते तो नमुना जपून ठेवायचा असतो; शंका आली तर उद्याच्या माणसाने तिथे जाऊन पाहावे. जिरोचे नमुने ब्रिस्बेनच्या म्युझियममध्ये आहेत. पण काच वाचवण्यासाठी त्याने एकाच पट्टीवर कव्हरस्लिपचे तुकडे ठेवून अनेक जाती कोंबल्या. कुणाचे डोके काचेवर, धड पुठ्ठ्यावर. एड्वर्ड डॅम्स या म्युझियममधल्या अभ्यासकाने १९७८ पासून पुढची कित्येक वर्षे या नमुन्यांची यादी लावण्यात घालवली. प्राणिनामांचा नियम असा की छापून वाटलेले वर्णन, मग ते खासगी पत्रकात का असेना, डावलता येत नाही. त्यामुळे ती दुर्मिळ पत्रकेही १९७९ साली अमेरिकेत पुन्हा एकत्र छापावी लागली. बोचेक या चेक शास्त्रज्ञाने १९८८ साली ऑस्ट्रेलियाच्या कॅल्सिडांवर आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे त्या पसाऱ्यातून चालण्याजोगी वाट तयार झाली.

म्हणजे शास्त्रज्ञांनी आपसांत वाद घालावेत एवढाच हा मामला आहे का? तसे नाही, हे मला दोन शेतांवर कळले.

पहिले शेत माझ्या धाकट्या भावाचे, कराडजवळ, उसाचे. तिथे खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड लावतात. पोस्टकार्डासारख्या पुठ्ठ्यावर धान्यातल्या एका पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात, आणि त्या प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाचा अर्ध्या मिलिमीटरचा कॅल्सिड वाढत असतो. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या मागे टाचायच्या. ट्रायकोग्रामा बाहेर पडतो, खोडकिड्याची अंडी शोधतो, त्यात आपली अंडी घालतो. अळी जन्मण्याआधीच किडीचा कारभार संपतो. फवारणीचा खर्च वाचतो. माझा पुतण्या ही कार्डे दर हंगामात आणतो. त्याला किड्याचे नाव विचारले तर तो कार्डावर छापलेले वाचून दाखवतो, काका, हे बघा, ट्रायकोग्रामा चिलोनिस.

या साध्या नावामागे मोठी कहाणी आहे. भारतातल्या उसावरचा हा ट्रायकोग्रामा दीर्घकाळ वेगळ्याच नावाने ओळखला जात होता. ते नाव होते ऑस्ट्रॅलिकम, आणि ते दिले होते जिरोने, १९१२ साली, क्वीन्सलंडमधल्या नमुन्यांना. या किड्यांच्या अनेक जाती बाहेरून इतक्या सारख्या की त्यांच्या तत्कालीन वर्णनांवरून त्या वेगळ्या करणे अशक्यप्राय होते. बंगळूरला काम करणाऱ्या सुधा नगरकट्टी आणि एच. नागराजा या दोघांनी तो गुंता सोडवला. नराच्या जननेंद्रियाच्या सूक्ष्म रचनेवरून या जाती खात्रीने ओळखता येतात, हे त्यांनी जाती परस्परांशी संकरित करून आणि नमुने तपासून दाखवले. १९७१ साली त्यांनी जुन्या जातींची नव्याने वर्णने प्रसिद्ध केली. जगभर आज ट्रायकोग्रामा ओळखतात तो याच पद्धतीने. आपला उसावरचा किडा जिरोचा नव्हताच, हे त्यातून पुढे स्पष्ट झाले. एक जात अंड्यांचा फडशा पाडते, दुसरी त्याच पिकात हात हलवत बसते. तेव्हा प्रयोगशाळेत चुकीच्या नावाची जात वाढवली तर शेतकऱ्याने पैसे कशाचे मोजले?

दुसरे शेत कापसाचे. २००५-०६ पासून गुजरातेत आणि मग पंजाबपर्यंत कापसावर पिठ्या ढेकणाची एक परदेशी जात पसरली. आपल्या विदर्भातही ती दिसली. झाडाच्या शेंड्यावर पांढरे पीठ सांडल्यासारखे दिसे आणि झाड मान टाकी. ढेकणाच्या अंगावर मेणाचे कवच, त्यामुळे औषध आत पोहोचत नसे. शेतकरी फवारणीवर फवारणी करत होते. आणि मग कुणी न बोलावता एक कॅल्सिड त्या ढेकणांमध्ये दिसू लागला. तो ज्या ढेकणात अंडे घाले तो ढेकूण फुगून तपकिरी, चामड्यासारखा टणक होई. काही शेतांत निम्म्याहून अधिक ढेकूण असे पोखरलेले सापडले. अलिगढच्या मोहम्मद हयात या या विषयातल्या थोर अभ्यासकाने २००९ साली या किड्याला नवी जात म्हणून नाव दिले. पीकसंरक्षणाच्या क्षेत्रातले शास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ ते होते एनॅशिअस बंबावालेई. एका मराठी आडनावाचा किडा कापूस वाचवतो आहे, याचे मला कौतुक वाटले होते.

२०१४ साली ते नाव मागे पडले. हा किडा नवा नव्हता. त्याला ९९ वर्षांपूर्वीच, १९१५ साली, नाव मिळालेले होते. एनॅशिअस अ‍ॅरिझोनेन्सिस. नाव देणारा जिरो. वॉशिंग्टनच्या त्या न जमलेल्या नोकरीच्या काळात दिलेले. आता गंमत पाहा. पिठ्या ढेकणाची ती जात मूळची उत्तर अमेरिकेतली. १८९८ साली न्यू मेक्सिकोत तिचे वर्णन झाले. अ‍ॅरिझोना त्याच्या शेजारचे राज्य. शत्रू आणि शत्रूचा शत्रू एकाच गावचे. जिरोने दिलेल्या नावातच त्याचा पत्ता लिहिलेला होता. ते वर्णन नीट असते, तो नमुना सहज ताडून पाहता आला असता, तर हा किडा शेतात दिसला त्या दिवशीच आपल्याला कळले असते की हा ढेकणाच्या माहेरचाच आहे, त्याचा इतिहास अमुक आहे, त्याला जपा, फवारणी थांबवा.

जिरोचे आयुष्य मला आता असे दिसते. उपयोग काय, या प्रश्नाला त्याने हेटाळणीने उत्तर दिले, आणि शंभर वर्षांनी कापसाच्या शेतात त्याच्या निरुपयोगी कामाचा उपयोग उभा राहिला. तो प्रश्न विचारणाऱ्यांना १९१५ साली हे दिसणे शक्य नव्हते. त्यालाही दिसत नव्हते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्ञान ज्ञानासाठी म्हणणाऱ्या माणसावर तर ते जास्तच नीट लिहून ठेवण्याची जबाबदारी असते, कारण ते वापरणारा अजून जन्मालाही आलेला नसतो. जिरोला मागून येणाऱ्याची कल्पना करता आली नाही. त्याला फक्त किडे दिसत होते आणि वेळ थोडा होता. पोटासाठी मजुरी, घरी मुले, बोलायला कुणी नाही; अशा स्थितीत काचपट्टीवर किडा बसवताना कुणाचा हात स्थिर राहिला असता, असेही मनात येते. त्याच्या चुकांतल्या काही चुका त्याच्या, आणि काही त्याला एक पगार आणि पुरेशा काचा न देणाऱ्यांच्या.

मला विषय न देणाऱ्या त्या प्राध्यापकांवरचा माझा जुना राग यातून गेला का? थोडा गेला. मी जिरो झालो नसतो, एवढे मला आता कळते. वेडापर्यंत जाण्याची हिंमत माझ्यात नव्हती. पण काचपट्टी नीट बनवण्याइतका हात स्थिर होता, आणि त्याचाही उपयोग झाला असता.

गेल्या भाद्रपदात पुन्हा पठारावर गेलो. पुतण्या बरोबर होता. गुडघ्यामुळे आता एकट्याला सोडत नाहीत. पंद फुलला होता. या वेळी मी फक्त चार किडे घेतले, प्रत्येक वेगळ्या कुपीत. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि चहाच्या आधी कागदाच्या चार बारीक पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने, कारण शाई मद्यार्कात विरघळते, ठिकाण लिहिले, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली, तारीख लिहिली, कुठल्या फुलावर सापडला ते लिहिले, गोळा करणाऱ्याचे नाव लिहिले. जातीच्या नावाची जागा कोरी ठेवली. पुतण्याने विचारले, काका, नाव तर माहीत नाही, मग एवढे कशाला लिहिताय? मी त्याला दुसरी पेन्सिल दिली आणि उरलेल्या दोन पट्ट्या त्याच्याकडून लिहून घेतल्या.